शंभर रुपयांचा जोड, लाखांचे उड्डाण

रिमोटवर उडणारे छंदाचे हेलिकॉप्टर असो की शेतावर फवारणी करणारा ड्रोन, बॅटरी आणि यंत्र यांना जोडणारा कनेक्टर हा त्याचा सर्वांत दुर्लक्षित भाग. तो कसा निवडावा, त्याला डाख कसा द्यावा आणि तो बिघडू लागल्याची लक्षणे कोणती, याविषयी...

खास प्रतिनिधी
अंबड :

मोसंबीच्या बागा, कपाशी, तूर आणि गोदाकाठचा ऊस ही अंबड तालुक्याची ओळख. यातील जवळपास प्रत्येक पिकाला फवारणी चुकत नाही. पाठीवर पंप बांधून, डोक्याएवढ्या कपाशीत शिरून केलेली फवारणी माणसाच्या जिवावर कशी बेतते, हे २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्याने पाहिले. कीटकनाशकांची विषबाधा होऊन तेथे अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. माणसाला विषारी फवाऱ्यापासून दूर ठेवणारा ड्रोन हा त्यामुळेच केवळ नवलाईचा विषय राहिलेला नाही. ड्रोनच्या वापरासाठी २०२१ साली नवे नियम आले. त्याच वर्षाच्या अखेरीस केंद्रीय कृषी मंत्रालयाने ड्रोनद्वारे फवारणीची कार्यपद्धती जाहीर केली. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ हजार महिला बचत गटांना ड्रोन देण्याच्या, १ हजार २६१ कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी दिली. ‘नमो ड्रोन दीदी’ या नावाने ती ओळखली जाते. तिच्यात ड्रोनच्या किमतीच्या ८० टक्के, मात्र जास्तीत जास्त आठ लाख रुपये साहाय्याची तरतूद करण्यात आली. अंबडसारख्या तालुक्यांपर्यंत ड्रोन पोहोचण्याची वाट या निर्णयांनी मोकळी केली.

मात्र कित्येक लाखांच्या या यंत्राचा सारा भार एका छोट्याशा वस्तूवर असतो. बॅटरीची तार आणि ड्रोनची तार यांना जोडणारा पिवळा किंवा काळा कनेक्टर, ही ती वस्तू. बाजारात तो शंभर-दोनशे रुपयांच्या आसपास मिळतो, छोट्या हेलिकॉप्टरचा तर त्याहूनही स्वस्त. मोटर, पंखे, पंप, टाकी यांची चौकशी प्रत्येक जण करतो, जोडाची कोणीही करत नाही. आकाशात गेलेले यंत्र मात्र मोटरइतकेच या जोडावर विसंबलेले असते.

खेळापासून शेतापर्यंत

रिमोटवर उडणाऱ्या हेलिकॉप्टरचा आणि शेतीचा संबंध आजचा नाही. जपानच्या यामाहा कंपनीने १९८७ साली ‘आर-५०’ हे मानवरहित हेलिकॉप्टर भातशेतीवरील फवारणीसाठी आणले. सुमारे २० किलो वजन वाहून नेण्याची त्याची क्षमता होती. पुढे १९९७ मध्ये आलेल्या ‘आर-मॅक्स’ने हा प्रयोग जपानी शेतीत स्थिर केला. ही हेलिकॉप्टरे पेट्रोलवर चालत, म्हणून पंखा फिरवण्यासाठी प्रचंड वीजप्रवाह वाहून नेण्याचा प्रश्नच त्यांत उद्भवला नाही. छंद म्हणून उडवल्या जाणाऱ्या छोट्या हेलिकॉप्टरांतही पूर्वी इंधनाचीच इंजिने असत. वजनाला हलक्या लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या आणि ब्रशविरहित मोटरी आल्या आणि चित्र पालटले. इंधनाच्या टाकीची जागा बॅटरीने घेतली, इंधनाच्या नळीची जागा तांब्याच्या तारेने.

आपल्याकडेही एनसीसीच्या हवाई शाखेतील छात्र अनेक वर्षांपासून एरोमॉडेलिंग शिकत आले आहेत. सामान्य प्रेक्षकाला चार पंख्यांचे उडते यंत्र जवळून दिसले ते बहुधा २००९ च्या ‘थ्री इडियट्स’ या चित्रपटात. ते यंत्र मुंबईच्या आयआयटीतून पुढे आलेल्या ‘आयडियाफोर्ज’ कंपनीचे होते. आज अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थी, छंद म्हणून हेलिकॉप्टर उडवणारे हौशी आणि फवारणीचा व्यवसाय करणारे तरुण अशा तिघांच्याही हाती बॅटरीवर उडणारी यंत्रे आहेत. त्यांच्या वजनात शंभरपट फरक असेल, परंतु जोडाचे शास्त्र एकच आहे.

जोड सुटला तर काय होते?

मोटारीची बॅटरी सुटली तर मोटार रस्त्याच्या कडेला थांबते. उडत्या यंत्राला कडेला थांबण्याची सोय नसते. हेलिकॉप्टरची मोटर हवेत बंद पडली तरी पात्यांचा कोन बदलता येत असेल, तर खाली येताना लागणाऱ्या वाऱ्यावर पाती फिरत ठेवता येतात आणि जमिनीजवळ त्यांचा कोन वाढवून यंत्र अलगद उतरवता येते. याला ऑटोरोटेशन म्हणतात आणि मुरलेले हौशी त्याचा मुद्दाम सराव करतात.

पण या युक्तीला एक अट आहे. पात्यांचा कोन बदलणाऱ्या सर्वो मोटरी आणि रिमोटचा संदेश घेणारा रिसीव्हर यांना वीज मिळत राहिली पाहिजे. अनेक छोट्या हेलिकॉप्टरांत ही वीजही मुख्य बॅटरीतूनच घेतली जाते. मुख्य कनेक्टर सुटला की मोटर तर थांबतेच, शिवाय रिमोटचा ताबाही त्याच क्षणी जातो. वैमानिकाचे कौशल्य मग कामाचे राहत नाही. मोठ्या हेलिकॉप्टरांत रिसीव्हरसाठी स्वतंत्र छोटी बॅटरी ठेवण्याचा सल्ला दिला जातो, तो याचसाठी.

चार, सहा किंवा आठ पंख्यांच्या ड्रोनला ऑटोरोटेशनची सोयच नाही. सहा किंवा आठ पंख्यांच्या यंत्रातील एखादी मोटर बंद पडली तर ते कदाचित सावरेल, मुख्य जोड तुटला तर सर्व मोटरी एकदम थांबतील. टाकीत दहा लिटर कीटकनाशकाचे द्रावण असलेले यंत्र मग दगडासारखे खाली येते. ते कोठे पडेल, त्याखाली कोण असेल आणि द्रावण कोठे सांडेल, यांतले काहीही आपल्या हाती राहत नाही.

उष्णतेचे गणित

प्रत्यक्षात जोड क्वचितच एका झटक्यात तुटतो. तो आधी तापतो आणि महिनोन्महिने तापत राहतो. याचे कारण शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहे. कोणत्याही जोडाला थोडासा विद्युतरोध असतो. त्यात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते.

उदाहरण घेऊ. चांगल्या जोडाचा रोध अर्धा मिलिओहम धरला, तर ६० अँपिअर प्रवाहाला त्यात सुमारे १.८ वॅट उष्णता निर्माण होते. वाऱ्यावर ती सहज निघून जाते. डाख कच्चा राहिला किंवा आतील स्प्रिंग सैल पडली आणि रोध पाच मिलिओहम झाला, तर तेवढ्याच प्रवाहाला १८ वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातील साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. बिघडलेला जोड स्वतःचाच डाख वितळवू पाहणारी सोल्डरिंग आयर्न बनतो.

गंमत अशी, की उडवणाऱ्याला याचा पत्ता लागत नाही. ६० अँपिअरला पाच मिलिओहममध्ये व्होल्टेज घटते ते अवघे ०.३ व्होल्ट. २२ व्होल्टच्या यंत्रात एवढी घट जाणवतही नाही. यंत्र नेहमीसारखेच उडते. आत मात्र दुष्टचक्र सुरू झालेले असते. उष्णतेने स्प्रिंगचा ताण जातो, ताण गेला की स्पर्श कमी होतो, स्पर्श कमी झाला की रोध वाढतो आणि रोध वाढला की उष्णता आणखी वाढते. घरातल्या गीझरचा किंवा इस्त्रीचा प्लग हळूहळू काळवंडत जातो, त्यामागचे कारणही हेच.

या प्रवाहाची कल्पना येण्यासाठी गीझरचाच दाखला उपयोगी पडेल. दोन हजार वॅटचा गीझर सुमारे नऊ अँपिअर प्रवाह घेतो. दहा लिटर टाकीचा, २५ किलोच्या आसपास वजनाचा फवारणी ड्रोन तरंगत ठेवायला साडेतीन हजार वॅट लागतात असे धरले, तर ४४ व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे ८० अँपिअर प्रवाह वाहतो. म्हणजे नऊ गीझरांचा प्रवाह मूठभर आकाराच्या एका जोडातून जातो.

निवड आकड्यांची

कनेक्टर निवडताना पहिला प्रश्न विचारायचा तो प्रवाहाचा. लिथियम-पॉलिमर बॅटरीच्या एका सेलचे सरासरी व्होल्टेज ३.७ आणि पूर्ण भरल्यावर ४.२ असते. तीन सेलची बॅटरी ११.१ व्होल्टची, सहा सेलची २२.२ व्होल्टची आणि बारा सेलची ४४.४ व्होल्टची. बॅटरीवर ‘२५ सी’ असे लिहिलेले असते. २२०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी २५ सीची असेल, तर ती २.२ गुणिले २५, म्हणजे ५५ अँपिअर देऊ शकते असा निर्मात्याचा दावा असतो. बॅटरी किती देऊ शकते आणि यंत्र किती घेते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जोडाची निवड यंत्र घेत असलेल्या प्रवाहावरून करायची असते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. कनेक्टरच्या नावातील आकडा हा बहुधा क्षणिक प्रवाहाचा असतो. बाजारात सर्वाधिक खपणारी पिवळ्या नायलॉनची ‘एक्सटी’ मालिका चीनच्या अमास या कंपनीची. त्यातील ‘एक्सटी ६०’ हा साठ अँपिअरचा कनेक्टर म्हणून विकला जातो. निर्मात्याच्या माहितीनुसार तो सतत ३० अँपिअर आणि थोडा वेळ ६० अँपिअर सोसतो. ‘एक्सटी ३०’ची सततची मर्यादा १५ आणि ‘एक्सटी ९०’ची ४५ अँपिअर आहे. हेलिकॉप्टरने मारलेली एखादी कोलांटी दोन-तीन सेकंदांची असते, तेथे क्षणिक आकडा चालतो. फवारणीचा ड्रोन मात्र दहा मिनिटे एकसारखा भार वाहतो, तेथे सततचाच आकडा धरला पाहिजे.

या हिशेबाने निवड साधारण अशी होते. हातभर पात्यांचे, तीन सेलच्या २२०० मिलिअँपिअर-तास बॅटरीवर चालणारे ‘४५०’ आकाराचे हेलिकॉप्टर २०-३० अँपिअर घेते, त्याला ‘एक्सटी ६०’ पुरेसा आहे. पूर्वीपासून वापरात असलेला इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराचा डीन्स किंवा निळ्या आवरणाचा ‘ईसी ३’ही चालतो. सहा सेलच्या ‘६००’ आकाराच्या हेलिकॉप्टरला ‘एक्सटी ९०’ किंवा पाच मिलिमीटर खुंटीचा ‘ईसी ५’ हवा. दहा लिटरच्या फवारणी ड्रोनच्या ८० अँपिअरला ‘एक्सटी ९०’देखील अपुरा पडतो. म्हणूनच अशा यंत्रांवर सात मिलिमीटर जाडीच्या खुंट्यांचा ‘एएस १५०’ दिसतो. खेळण्यातल्या मोटारींबरोबर येणारा टॅमिया पद्धतीचा पांढरा प्लग किंवा लहान लाल जेएसटी यांना उडत्या मुख्य बॅटरीवर स्थान नाही.

दोन बॅटऱ्या एकत्र जोडताना आणखी एक भान ठेवावे लागते. बॅटऱ्या समांतर जोडल्या तर प्रवाह दोन जोडांत विभागला जातो. एकसर जोडल्या तर व्होल्टेजची बेरीज होते, परंतु दोन्ही जोडांतून पूर्ण प्रवाह जातो. दोन आहेत म्हणून लहान कनेक्टर चालेल, ही समजूत एकसर जोडणीत महागात पडते.

तारेची जाडीही याच हिशेबात येते. ‘४५०’ हेलिकॉप्टरला १४ गेजची, म्हणजे सुमारे दोन चौरस मिलिमीटर छेदाची तार पुरते. ‘६००’ला १२ किंवा १० गेज आणि मोठ्या ड्रोनला ८ गेज, म्हणजे आठ चौरस मिलिमीटरहून किंचित जाड तार लागते. ती सिलिकॉनच्या आवरणाची आणि केसासारख्या बारीक धाग्यांची असावी. घराच्या वायरिंगची तार कंपनांनी लवकर मोडते आणि तिचे आवरण डाख देताना वितळते.

एकदा निवड झाली की आपल्या सर्व बॅटऱ्यांना, चार्जरला आणि यंत्राला तोच एक कनेक्टर ठेवावा. दोन जातींचे कनेक्टर जोडून घेण्यासाठी मधे अडॅप्टर लावले, की रोधाच्या आणि बिघाडाच्या जागा दुप्पट होतात. नकली मालाचा प्रश्नही आहेच. नकली कनेक्टरचे प्लॅस्टिक डाख देतानाच मऊ होते आणि खुंट्या वाकड्या होतात. आवरणावर निर्मात्याचे नाव स्पष्ट कोरलेले आहे का, खुंटी बसताना घट्ट लागते का, एवढे तरी खरेदीच्या वेळी पाहावे.

ठिणगीचा बंदोबस्त

बॅटरी जोडताना ‘टच्’ असा आवाज होऊन ठिणगी उडते, हा अनुभव सर्वांनाच येतो. मोटरचा वेग नियंत्रित करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटमध्ये मोठे कपॅसिटर असतात. बॅटरी जोडताक्षणी ते एकदम भरतात आणि क्षणभर प्रचंड प्रवाह ओढतात. ११ व्होल्टला ही ठिणगी किरकोळ असते, ४४ व्होल्टला ती दचकवणारी असते. प्रत्येक ठिणगी खुंटीच्या टोकावर एक खड्डा पाडते, सोन्याचा मुलामा उडवते आणि रोध वाढवते. शिवाय अनेक कीटकनाशकांत ज्वालाग्राही द्रावके असतात आणि शेतात चार्जिंगसाठी जनरेटर असेल तर पेट्रोलही जवळपास असते.

‘एएस १५०’ आणि ‘एक्सटी ९०-एस’ या कनेक्टरांत यावर उपाय आहे. खुंटी आत जाताना आधी काही ओहमच्या छोट्या रेझिस्टरमधून स्पर्श होतो आणि कपॅसिटर सावकाश भरतात. पूर्ण आत गेल्यावर मुख्य स्पर्श होतो. म्हणून असा कनेक्टर जोडताना पहिल्या स्पर्शाला क्षणभर थांबून मग ठामपणे शेवटपर्यंत दाबावा. मधेच अडकून राहिला, तर उड्डाणाचा सगळा प्रवाह त्या चिमुकल्या रेझिस्टरवर येईल.

कल्हईवाल्याचा धडा

कनेक्टर कितीही चांगला असला तरी तारेला तो जोडतो डाखच. जुन्या वाड्यांच्या अंगणात कल्हईवाला बसलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना सोल्डरिंगचे अर्धे शास्त्र आधीच ठाऊक आहे. कल्हईवाला आधी भाता फुंकून भांडे तापवतो, नवसागर टाकून ते स्वच्छ करतो आणि मग कथील लावतो. तापलेल्या भांड्यावर कथील आपोआप पसरते. भांडे थंड असेल तर कथलाचा नुसता गोळा होतो. सोल्डरिंगचेही तसेच. वितळवायची असते ती सोल्डर वायर, पण तापवायचे असते ते तार आणि कनेक्टरची खुंटी. त्यांच्याच उष्णतेने सोल्डर वितळला पाहिजे.

येथेच बहुतेकांची गाडी अडते ती २५ वॅटच्या आयर्नमुळे. तिच्या अणकुचीदार बिटमधली उष्णता जाड तांब्याची तार क्षणात शोषून घेते. मग आयर्न मिनिटभर टेकवून ठेवावी लागते, तेवढ्यात नायलॉनचे आवरण वितळते, सोल्डर मात्र वरवरच बसतो. ‘एक्सटी ६०’साठी किमान ६० वॅटची, ‘एक्सटी ९०’ किंवा त्याहून मोठ्यासाठी १०० वॅटच्या आसपासची आयर्न आणि छिन्नीसारखी रुंद बिट घ्यावी. जास्त उष्णता आणि कमी वेळ, हे येथले सूत्र आहे.

सोल्डर ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसे असलेला, राळेचा गाभा असलेला घ्यावा. तो १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागतो. शिसेविरहित सोल्डरला २१७ अंश किंवा त्याहून अधिक तापमान लागते, नवशिक्याला तो जड जातो. कल्हईवाल्याचा एक धडा मात्र येथे घेऊ नये. नवसागर किंवा पत्र्याच्या कामाचा आम्लयुक्त फ्लक्स विजेच्या कामाला वापरायचा नाही. तो मागे उरतो आणि तांबे खात राहतो. येथे राळेचाच फ्लक्स हवा.

प्रत्यक्ष कामाचा क्रम असा ठेवावा. जुना कनेक्टर बदलायचा असेल तर बॅटरीच्या दोन्ही तारा एकदम कधीही कापू नयेत. कात्रीच्या पात्यातूनच धन आणि ऋण टोके एकमेकांना भिडतात आणि शॉर्ट सर्किट होते. एक तार कापावी, तिचे काम पूर्ण करावे, नळीने झाकावी आणि मगच दुसरीला हात लावावा. हीट श्रिंक नळी आणि कनेक्टरचे वेगळे आवरण असल्यास तेही आधीच तारेवर सरकवून ठेवावे. हे विसरले तर झालेले काम पुन्हा उसवावे लागते.

कनेक्टरच्या खुंट्या ज्या नायलॉनमध्ये बसवलेल्या असतात ते तापल्यावर मऊ होते. म्हणून डाख देताना त्यात समोरचा जोडीदार कनेक्टर बसवून ठेवावा. खुंट्या सरळ राहतात आणि जादा उष्णता त्यात निघून जाते. हा जोडीदार सुटा असावा, दुसऱ्या टोकाला बॅटरी लागलेला नव्हे. कनेक्टर हातात न धरता वाइसमध्ये किंवा लाकडी ठोकळ्यात धरावा. तारेचे टोक खुंटीच्या वाटीएवढेच सोलावे, धागे पिळून त्यांत सोल्डर मुरवावा. वाटीतही थोडा सोल्डर भरावा. मग वाटी तापवून सोल्डर पातळ झाला, की तारेचे टोक आत बुडवावे, दोन-तीन सेकंद उष्णता द्यावी आणि आयर्न काढून घ्यावी. सोल्डर थिजेपर्यंत तार तसूभरही हलू द्यायची नाही. हलली की आत चिरा पडतात आणि जोड कच्चा राहतो. असा जोड दिसायला दाणेदार आणि निस्तेज असतो, पक्का जोड गुळगुळीत आणि चकचकीत असतो. फुंकर घालून थंड करण्याची घाई करू नये.

जोड पूर्ण थंड झाल्यावर तार चांगली ओढून पाहावी. हाताने निघणारी तार जमिनीवरच निघालेली बरी. त्यानंतर नळी चढवून तापवावी. सोल्डर तारेत फार वर चढला असेल तर तेवढा भाग कडक होतो आणि कंपनांनी तार नेमकी त्याच्या कडेला मोडते. म्हणून नळी त्या जागेच्या पुढेपर्यंत यावी आणि तार सांगाड्याला पट्टीने बांधलेली असावी, म्हणजे ओढ डाखावर येणार नाही. हेलिकॉप्टरमध्ये तर सैल तार दातेरी चाकात जाण्याचीही भीती असते.

धन-ऋणाची खूण कनेक्टरवर कोरलेली असते. डाख देण्यापूर्वी ती दोनदा आणि बॅटरी जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने तिसऱ्यांदा तपासावी. उलटी जोडणी झाली तर वेगनियंत्रक जळायला एक क्षण पुरतो. बॅटरीच्या बाजूला नेहमी मादी कनेक्टर, म्हणजे ज्याची धातूची टोके आवरणात खोल दडलेली असतात तो लावावा. खिळे, नाणी किंवा पाना यांचा स्पर्श होऊन शॉर्ट सर्किट होण्याचा धोका त्याने टळतो. खोलीची खिडकी उघडी ठेवावी, डोळ्यांवर चष्मा असावा आणि शिशामुळे काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत.

शेतातले शत्रू

छंदाचे हेलिकॉप्टर कपाटात राहते, फवारणीचा ड्रोन शिवारात. मोसंबीसारख्या लिंबूवर्गीय फळबागांत रोगांवर कॉपर ऑक्सिक्लोराइडसारखी ताम्रयुक्त बुरशीनाशके फवारली जातात. त्यांच्या द्रावणाचे थेंब कनेक्टरवर पडून सुकले, की निळसर-हिरवट थर जमतो आणि स्पर्श खराब होतो. टाकी भरलेल्या ओल्या हातांनी बॅटरी बदलणे, ही त्याची सर्वांत सोपी वाट. टाकी भरणारा आणि बॅटरी बदलणारा, ही दोन वेगळी माणसे असली तर उत्तम, नसतील तर हात कोरडे करण्याचा शिरस्ता तरी असावा. ड्रोन धुताना कनेक्टर झाकावा. दिवसाअखेर तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा आणि धुळीपासून राखण्यासाठी टोपण लावावे.

मराठवाड्यातील उन्हाळा हा आणखी एक शत्रू. तापमान ४० अंशांच्या वर गेलेले असताना जोडाला थंड व्हायला वावच कमी उरतो. उन्हात उभ्या गाडीत ठेवलेल्या बॅटऱ्या उड्डाणापूर्वीच तापलेल्या असतात. चार्जिंगकडेही दुर्लक्ष नको. १६ हजार मिलिअँपिअर-तासांची बॅटरी अर्ध्या तासात भरायची तर सुमारे ३२ अँपिअर प्रवाह एकसारखा वाहतो. चार्जरच्या तारेवर ‘एक्सटी ६०’ असेल, तर त्याची ३० अँपिअरची मर्यादा येथेच ओलांडली जाते. शेताच्या बांधावर जळालेले कनेक्टर उड्डाणात जळाले असे आपण समजतो, पुष्कळदा ते चार्जिंगमध्ये भाजलेले असतात.

लक्षणे ओळखा

जोड बिघडण्यापूर्वी खुणा देतो. यंत्र उतरल्यावर प्रत्येक वेळी कनेक्टरला बोट लावून पाहावे. कोमट असेल तर ठीक, बोट ठेववत नसेल तर ते यंत्र पुन्हा उडवू नये. एक ध्रुव गार आणि दुसरा गरम असेल तर गरम बाजूचा डाख कच्चा आहे किंवा स्प्रिंग सैल आहे. आवरण तपकिरी पडणे, खुंटी काळी पडणे, कनेक्टर पूर्वीपेक्षा सहज निघू लागणे, या पुढच्या पायऱ्या. फटीत पाते घालून खुंटी फाकवण्याचा उपाय तात्पुरता आहे. सैल पडलेला कनेक्टर बदलावा आणि बदलताना जोडीतले दोन्ही भाग बदलावेत. झिजलेला अर्धा भाग नव्यालाही लवकर खराब करतो.

मल्टिमीटर हाताळता येणाऱ्यांसाठी एक सोपी परीक्षा आहे. चार्जिंगचा प्रवाह दहा अँपिअर असताना जोडाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या, एकाच ध्रुवाच्या डाखांवर मीटरची टोके टेकवून मिलिव्होल्ट मोजावेत. पाचच्या आसपास आकडा आला तर जोड निरोगी आहे. ५० आला तर रोध दहापट झाला आहे. बोटाला चटका बसण्याच्या कितीतरी आधी हा आकडा बोलतो.

स्वतः करावे की करू नये?

छंदाचे किंवा शिक्षणाचे यंत्र असेल तर डाख देण्याचे काम स्वतः जरूर शिकावे. त्यासाठी जुन्या तारा आणि दोन-चार फालतू कनेक्टर घेऊन, बॅटरीला हात न लावता आधी सराव करावा. फवारणीच्या ड्रोनची गोष्ट वेगळी आहे. अशा यंत्राच्या नमुन्याला प्रमाणपत्र मिळालेले असते आणि ते चालवण्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेतून प्रशिक्षण घ्यावे लागते. त्याच्या वायरिंगमध्ये घरच्या घरी बदल केले तर हमी आणि विमा दोन्ही अडचणीत येऊ शकतात. येथे मालकाचे काम तपासण्याचे आणि वेळेवर दुरुस्ती मागण्याचे आहे, दुरुस्ती अधिकृत तंत्रज्ञाची.

ही दुरुस्ती करणारे हात मात्र जवळ हवेत. २०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सर्व राज्यांतील निवडक आयटीआयमध्ये ड्रोनविषयक अभ्यासक्रम सुरू करण्याची घोषणा झाली होती. उडवायला शिकणारे अनेक असतात. ऐन फवारणीच्या आठवड्यात जोड भाजला आणि दुरुस्तीसाठी यंत्र दूरच्या शहरात पाठवावे लागले, तर कीड त्यासाठी थांबत नाही. मग शेतकरी पुन्हा पाठीवर पंप बांधतो. ज्या धोक्यातून त्याला बाहेर काढण्यासाठी ड्रोन आला, त्याच धोक्यात तो परत जातो. विजेच्या कामाची जाण असलेल्या तालुक्यातील तरुणाला येथे कामही आहे आणि कमाईही.

लक्षात ठेवा

- कनेक्टर निवडताना क्षणिक नव्हे, सततच्या प्रवाहाचा आकडा पाहा.
- सर्व बॅटऱ्यांना एकाच जातीचा कनेक्टर लावा, अडॅप्टर टाळा.
- बॅटरीची एका वेळी एकच तार कापा आणि सोला.
- आयर्न दमदार, बिट रुंद, वेळ कमी. आम्लयुक्त फ्लक्स नको.
- थंड झाल्यावर तार ओढून पाहा, धन-ऋण मीटरने तपासा.
- प्रत्येक उड्डाणानंतर कनेक्टरला बोट लावा. गरम लागला तर यंत्र जमिनीवरच ठेवा.
- फुगलेली किंवा आदळलेली लिथियम बॅटरी वापरू नका. चार्जिंग चालू असताना जवळून हलू नका आणि वाळूची बादली हाताशी ठेवा.